परत गेलेले अठरा तुकडे

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात एका खोलीत रंग न्यायला मनाई होती. भिंती करड्या, टेबल करडं, छत करडं आणि आत बसणाऱ्या माणसाच्या अंगातला झगासुद्धा करडा. कारण अगदी साधं. लाल सदरा घालून पांढऱ्या कापडावर वाकलात की कापडावर लाली पडते, आणि बघणाऱ्याला वाटतं दोष कापडाचा आहे. म्हणून देवानं जगाला भरभरून दिलेले सगळे रंग दाराबाहेर ठेवायचे आणि मगच आत जाऊन रंगाचा निवाडा करायचा.

हा निवाडा करणारा माणूस एकोणतीस वर्षं त्या खोलीत बसत होता. त्याला सगळे पारखी म्हणत. टाकीतून लॉट निघाला की त्यातला तळहाताएवढा तुकडा वाळवून, इस्त्री करून त्याच्याकडे यायचा. पारखी तो गिऱ्हाइकाच्या मूळ नमुन्याला चिकटवून ठेवी आणि तीन दिव्यांखाली बघे. एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्यासारखा, एक घरातला पिवळसर. मग पन्नास अंक होईपर्यंत समोरच्या करड्या भिंतीकडे नजर लावून बसे, कारण एकाच रंगाकडे बघत राहिलं की डोळा थकतो आणि नसलेलं दाखवायला लागतो. भिंत बघून झाली की पुन्हा तुकडा. आणि मग एकच शब्द. ‘पास’ किंवा ‘परत’. परत असला तर खाली एका ओळीत शेरा, कुठला रंग जास्त आणि कुठला कमी.

सकाळी पहिला दिवा लावण्याआधी तो हात जोडायचा. “देवा, जे आहे तेच दिसू दे.” मागणं एवढंच. एवढं मागितलं की आपलं काम झालं, पुढचं देव बघेल, अशी त्याची समजूत होती. भाबडी म्हणा हवं तर, पण खोटी नव्हती.

त्या खोलीच्या दाराबाहेर एक खिळा होता, आणि गेली दोन वर्षं त्या खिळ्यावर रोज एक पिवळा बिल्ला लटकायचा. पारखी पूलवाला होता.

मूळ प्रश्न काय, तर गावाच्या मधून नदी जाते. ती ओलांडायला पूल बांधायचा की खालून बोगदा खणायचा? बस, एवढंच. पण पूलवाल्यांचा पक्ष झाला, त्यांनी पिवळे बिल्ले लावले. बोगदेवाल्यांचा पक्ष झाला, त्यांनी जांभळे लावले. मग पूलवाले दवाखान्याबद्दल एक म्हणाले, म्हणून बोगदेवाले दुसरं म्हणाले. शाळा, बाग, कचरा, कुत्री, सगळं वाटून घेतलं. शेवटी चहात साखर आधी घालावी की नंतर, यालाही रंग चढला. नदी आपली बिचारी मधून वाहतच होती.

कारखान्यात रंगारी तिघं. त्यातला सगळ्यांत जुना, बावीस वर्षं टाकीवर असलेला, वाफेच्या वासावरून रंग कुठवर आला ते सांगणारा रंगारी हा पारख्याचा सख्खा साडू. बायका बहिणी-बहिणी. आणि रंगारी पक्का बोगदेवाला. त्याचा जांभळा बिल्ला वाफेनं गंजला, तर त्यानं नवा आणून लावला.

चहाच्या सुट्टीत दोघं एकाच बाकावर बसायचे, कारण दुसरा बाक मोडका होता.

“काय साडूभाऊ,” रंगारी सुरू करायचा, “आज कामाला यायला उशीर झाला. म्हटलं तुमच्या पुलावरून यावं, तर पूलच दिसेना.”

“तू बोगद्यातून ये. पोहत.”

“बोगद्यात पाणी येत नसतं. त्याला शास्त्र असतं.”

“शास्त्र! तुमच्या पुढाऱ्याच्या स्वतःच्या मोरीचा नळ गळतो, आणि तो नदीच्या खाली घुसणार!”

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळे म्हणजे पिवळे सगळे?”

एकदा पूलवाल्यांच्या पुढाऱ्यानं आपल्या मेव्हण्याला ठेका दिल्याची बातमी आली. पारखी म्हणाला, “अडकवलंय त्याला. आणि मेव्हणा कामाचा माणूस असेल तर त्यानं काय घरी बसावं?” पंधरवड्यानं बोगदेवाल्यांच्या पुढाऱ्यानं भाच्याला ठेका दिला. पारखी उठून उभाच राहिला. “बघ! बघ तुझे हरिश्चंद्र!” रंगारी थंडपणे म्हणाला, “भाचा इंजिनिअर आहे.” दोघांनाही आपण पंधरा दिवसांपूर्वी काय बोललो ते आठवत नव्हतं. समोरचा काय बोलला, ते मात्र शब्दन् शब्द पाठ.

हे सगळं बाकावरच राहिलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

झालं असं, की सहा महिन्यांपूर्वी मालकीणबाईंनी एक नवी पद्धत आणली. आधी तुकड्याला नुसता लॉटचा आकडा असायचा. आता बाई म्हणाल्या, कुठला लॉट कुणाच्या हातचा ते समजलं पाहिजे. म्हणून तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी टाचायची, तिच्यावर रंगाऱ्याचं नाव ठळक अक्षरात. चांगल्याच हेतूनं केलं त्यांनी. आणि त्या सहा महिन्यांत रंगाऱ्याचे अठरा लॉट परत गेले. आधीच्या बावीस वर्षांत मिळून तेवढे गेले नसतील.

परत गेलेला लॉट म्हणजे रंग उतरवून कापड पुन्हा टाकीत. कापडाचा दम जातो, दिवस जातात, गिऱ्हाईक ओरडतं. मालकीणबाईंनी रंगाऱ्याला बोलावून सांगितलं, “शनिवारपर्यंत विचार करते. पण मला वाटतं तुम्ही आता टाकी सोडावी. घड्या घालायच्या शेडमध्ये जागा आहे.”

रंगारी टाकीपाशी जाऊन झाकणावर हात ठेवून उभा राहिला, नुसता.

दोघांची घरं एकाच इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर रंगारी, तिसऱ्यावर पारखी. पूर्वी वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली दिवसातून दहादा खाली-वर व्हायची. लिंबं, औषधाच्या गोळ्या, मुलांचे लहान झालेले कपडे, अर्धं वाचलेलं मासिक. तीन महिन्यांपूर्वी कुणी काही न बोलता ती वर ओढून घेतली गेली होती. दोन्ही बहिणींनी एकमेकींना सांगितलं की दोरी कुजली.

गुरुवारी संध्याकाळी पारख्याची बायको, म्हणजे थोरली, कपाटाची फळी पुसता पुसता म्हणाली, “अहो, धाकटीच्या नवऱ्याचं काम घालवताय तुम्ही.”

“मी घालवतोय? त्याचा हात घालवतोय.”

“बावीस वर्षं हात चांगला होता आणि सहा महिन्यांत वाकडा झाला?”

“माणसाच्या डोक्यात बोगदा शिरला की हात कुठला ठिकाणावर राहतो!”

थोरलीनं फडकं पिळलं. “मग तुमच्या डोक्यात पूल आहे. तुमचा डोळा कसा ठिकाणावर?”

“हे बघ,” पारखी खुर्चीत ताठ झाला, “मी बिल्ला बाहेर खिळ्याला लावतो आणि मग आत जातो. एकोणतीस वर्षांत मी कुणाचं तोंड बघून रंग पास केलेला नाही.”

“बिल्ला लावता हो बाहेर,” थोरली म्हणाली आणि फडकं वाळत घालायला निघून गेली.

तेवढ्यात दार वाजलं. दारात धाकटी. तीन महिन्यांत पहिल्यांदा जिना चढून वर आली होती, आणि आत यायचं की नाही हे न ठरवता उंबऱ्यावरच थांबली.

“भावोजी,” ती म्हणाली, “हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. टाकी गेली तर घरात बसून वेडे होतील. तुम्ही मुद्दाम करत असाल तर... मी भांडायला नाही आले. मुद्दाम करत असाल तर मुद्दामच थांबवा. मी कुणाला सांगणार नाही.”

पारख्याच्या कानात तो ‘मुद्दाम’ असा काही गेला की रात्रभर निघेना. चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं. खरं सांगायचं तर त्याला साडूची काळजी वाटली नाही, राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तडक मालकीणबाईंच्या टेबलापुढे उभा राहिला.

“बाई, माझ्यावर संशय घेतला जातोय. माझी परीक्षा घ्या.”

“मी नाही घेतला संशय.”

“घरात घेतलाय. त्याहून वाईट. सगळे जुने तुकडे अंधाऱ्या कपाटात लिफाफ्यात आहेत. त्याचे अठराच्या अठरा काढा. त्यात बाकी दोघांचे पास झालेले घाला, बावीस घाला, चाळीस होऊ द्या. चिठ्ठ्या तुमच्या हातानं कापा. पाठीमागे नुसते आकडे चिकटवा. मी सगळे पुन्हा बघतो. अठराचे अठरा परत निघाले नाहीत तर...” पुढे काय म्हणायचं ते त्याला सुचलं नाही, कारण तसं होईल असं त्याला वाटतच नव्हतं.

“बरं,” मालकीणबाई म्हणाल्या. “उद्या सकाळी.”

बघा, कुणी त्याला ढकललं नाही. स्वतःच्या पायानं चालत गेला. देवाला माणसाला काही दाखवायचं असलं की तो बहुतेक वेळा त्याच्या अभिमानालाच कामाला लावतो.

शनिवारी आठ वाजता पारख्यानं बिल्ला खिळ्याला लावला, करडा झगा घातला, हात जोडले, दिवा लावला. टेबलावर चाळीस तुकडे. शाळेच्या गणवेशाचा निळा, पडद्यांचा मोरपंखी, दवाखान्याच्या चादरींचा फिकट हिरवा, उशांचा पिवळा. एकेक घ्यायचा, नमुन्याला लावायचा, तीन दिवे, भिंत, पन्नास अंक, पुन्हा बघायचं, कागदावर लिहायचं.

सातव्या तुकड्याला लाल जास्त होता. पारखी मनात म्हणाला, हा साडूचा, अंधारातसुद्धा ओळखीन. लिहिलं: परत. बरं वाटलं.

तिसाव्या तुकड्यापाशी जरा चुकचुकलं. ‘परत’ म्हणावं असं कमीच भेटत होतं. बाईंनी साडूचे शेवटी ठेवले असणार, त्यानं स्वतःची समजूत घातली. साडेअकराला चाळिसावा तुकडा झाला. उशांचा पिवळा. पास.

मालकीणबाई कापलेल्या चिठ्ठ्यांचा डबा आणि कुठला आकडा कुणाचा त्याची यादी घेऊन आल्या, बसणार तोच फाटकावरून हाक आली. सोड्याच्या गोण्यांऐवजी ट्रकवाल्यानं भलतीच पिंपं आणली होती आणि उतरवूनही ठेवली होती. बाई कपाळाला हात लावून उठल्या. “तुम्हीच जुळवा. तुमच्याइतका सरळ माणूस इथे दुसरा नाही. एक वाजता येऊन मला फक्त सांगा. मग त्यांना बोलावते.”

दार लागलं. पारख्यानं यादी समोर ओढली आणि एकेक आकडा जुळवायला सुरुवात केली.

साडूचे अठरा तुकडे. त्यातले आज त्यानं स्वतःच्या हातानं तेरा पास केले होते. तेरा. परत फक्त पाच.

त्यानं पुन्हा जुळवलं. तेराच.

बाकी दोघांचे बावीस. एकोणीस पास. तीन परत, आणि ते तिन्ही दुसऱ्या एका रंगाऱ्याचे. तो पूलवाला. फाटकावर पिवळ्या पताका बांधायला शिडी धरायचा तो.

पारख्यानं चष्मा काढून ठेवला. पहिला विचार आला तो असा: दिवा बदललाय. हो, दोन महिन्यांपूर्वी नवा बसवला. जुन्या दिव्याखाली वेगळं दिसलं असणार. त्यानं तारखा बघितल्या. तेरांतले पाच तुकडे नव्या दिव्याखालीच परत पाठवलेले होते. मग वाटलं, तुकडे जुने झाले, रंग उडाला असेल. पण मूळ नमुने त्याच कपाटात, त्याच अंधारात होते. उडाला तर दोन्हींचा उडेल. मग वाटलं, आज आपलं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आज? आज तर त्यानं एकेका तुकड्याला दुप्पट वेळ दिला होता.

चौथं कारण शोधायला लागला आणि मध्येच थांबला. हेच आकडे माझ्या बाजूचे असते, अठराचे अठरा परत निघाले असते, तर मी दिव्याची तारीख बघितली असती का? नसती. यादी उचलून नाचत फाटकापर्यंत गेलो असतो.

त्यानं डोळे वर केले. एवढा वेळ नजर समोरच्या शेवटच्या पिवळ्या तुकड्यावरच खिळली होती, त्यामुळे करड्या भिंतीवर एक जांभळट डाग तरंगत होता. एकोणतीस वर्षं तो असे डाग बघत आला होता. भिंतीवर काही नाही हे पक्कं माहीत होतं. तरी दिसत होता. माहीत असल्यानं दिसायचा थांबत नव्हता. फक्त वाट बघितली की विरत होता.

मग मी खोटं बोललो नाही, त्याला वाटलं. आणि ह्याच गोष्टीनं तो जास्त हादरला. खोटं बोललो असतो तर खरं काय ते कुठेतरी मला माहीत असतं. मला तर तेरा वेळा लाल दिसला, हिरवा दिसला. चिठ्ठीवर नाव होतं आणि तुकडा बघायच्या आधी मी नाव वाचत होतो. रोज सकाळी देवाकडे मागत होतो की आहे ते दिसू दे, आणि नंतर स्वतःच्या हातानं डोळ्यापुढे चिठ्ठी धरत होतो.

खिडकीबाहेर ट्रकवाल्याशी बाईंचं भांडण चाललं होतं. इथे कुणी नव्हतं. एकला जाऊन ‘जुळलं’ एवढं म्हटलं असतं तर बाईंनी मान हलवली असती. आणि त्याहून सोपी एक वाट होती. बाई, परीक्षेत मी खरा ठरलो, पण त्याला एक संधी द्या, माझ्या शब्दाखातर. साडूची टाकी वाचली असती, आपलं नाव वाचलं असतं, वर धाकटीनं दुवा दिला असता. दया दाखवून मोकळं होता येत होतं. ती वाट त्याला इतकी आवडली, इतकी आवडली, की तिचीच भीती वाटली. साडू उरलेली वर्षं माफी मिळालेला गुन्हेगार म्हणून टाकी ढवळत राहिला असता. ज्यानं गुन्हा केलाच नाही.

पारखी उठला. दोन्ही याद्या घेतल्या, ते पाच तुकडे घेतले आणि टाक्यांच्या शेडकडे निघाला.

रंगारी वाफेत उभा होता. लॉट उकळीवर होता, सोडून येता येत नव्हतं.

“काय,” तो मान न वळवता म्हणाला, “निकाल लागला? घड्यांच्या शेडमध्ये खुर्ची तरी देतात का हो?”

“तुझे तेरा पास झाले.”

रंगाऱ्याचा हात थांबला.

“अठरातले तेरा. मी उगाच परत पाठवले. चूक माझी.”

“मला माहीतच होतं!” रंगारी गर्रकन वळला. “पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मुद्दाम केलंत तुम्ही. पूलवाल्यांची जातच ती!”

“मुद्दाम नाही.”

“मग काय, झोपेत?”

“मुद्दाम असतं तर बरं होतं रे. थांबवता तरी आलं असतं.” पारख्याचा आवाज बसला होता. “मला खरंच लाल दिसला. तुझं नाव वाचलं की दिसायचा.”

वाफेचा एक लोट दोघांच्या मधून गेला. टोमणे रंगाऱ्याच्या जिभेवर रांगेत उभे होते, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. पण हे असलं वाक्य त्या बाकावर दोन वर्षांत कधी आलं नव्हतं.

“आणि ते पाच?” शेवटी त्यानं विचारलं.

“पाच खरंच परत आहेत.”

“झालं! पुन्हा सुरू!”

“ऐक तर. पाच खरंच बिघडलेत.”

“एक नाही बिघडलेला. मी एकेक लॉटची शपथ घेतो. तुम्ही ‘लाल जास्त’ म्हणालात की मला कळायचं, लाल बरोबर आहे. मी तर नंतर नंतर तुमचा शेरा वाचायचंच सोडलं. वर लाल थोडा वाढवूनच द्यायचो!” हे बोलला आणि बोलता बोलताच त्याला स्वतःचं बोलणं ऐकू गेलं. तोंड उघडंच राहिलं.

पारख्याला बोलायची फार हौस आली होती, पण गिळली. फक्त म्हणाला, “लॉट खाली उतरू दे. मग ये खोलीत.”

वीस मिनिटांनी रंगारी आला. दाराशी थबकला, छातीवरचा जांभळा बिल्ला काढला, खिळ्याकडे बघितलं. खिळ्यावर पिवळा होता. त्यानं आपला खिशात टाकला.

पारख्यानं पाच तुकड्यांत दुसऱ्यांचे सात मिसळले आणि स्वतः तोंड फिरवून खिडकीकडे उभा राहिला. मागून दिव्यांची बटणं वाजत होती. मग शांतता, भिंतीकडे बघण्याची. मग पुन्हा बटणं. त्याला एकदा वळून बघावंसं वाटलं. तो खिडकीचे गज मोजत राहिला.

“साडूभाऊ.”

“हं.”

“हा निळा लाल मारतोय.”

“लिही.”

“हा पण. कुणी केलाय हा? आंधळ्यानं?”

“लिही.”

शेवटी रंगाऱ्यानं चार तुकडे बाजूला काढले. यादी जुळवली, तेव्हा चारही त्याचेच. पाचवा त्याला ठीक वाटत होता. दोघांनी तो मिळून बघितला, तिन्ही दिव्यांखाली, आणि एकमत झालं नाही. पारख्याला तो पिवळ्या दिव्याखाली किंचित हिरवा वाटत होता, रंगाऱ्याला नाही. दोघंही हट्टाला पेटणार असं वाटलं, पण रंगारी म्हणाला, “असू दे. हा बाईंना दाखवू,” आणि पारख्याच्या मनातही तेच होतं.

एकला दोघं मालकीणबाईंपुढे उभे होते. पारख्यानं सगळं सांगितलं, तेरा आणि तीन आणि पाच, मध्ये कुठेही ‘पण’ न घालता. बाईंचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

“तेरा लॉट,” त्या म्हणाल्या. “तेरा चांगले लॉट पुन्हा उकळले आपण. दवाखान्याच्या चादरी वर्षभर टिकायच्या, सहा महिन्यांत फाटतील. कळतंय का?”

“कळतंय.”

“तुमचा शिक्का द्या इकडे.”

पारख्यानं खिशातून पास करायचा लाकडी शिक्का काढून टेबलावर ठेवला. एकोणतीस वर्षांत तो कधी दुसऱ्याच्या टेबलावर गेला नव्हता. बाईंनी तो उचलला, खणात ठेवला आणि खणावर हात ठेवून बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, “चिठ्ठी मी पुढे लावायला सांगितली होती. तेवढं माझं.” मग रंगाऱ्याकडे वळल्या. “तुम्ही टाकीवरच. आणि ते चार तुकडे काय ते मी विसरणार नाहीये, एवढं हसू नका. सोमवारपासून चिठ्ठीवर नुसता आकडा, नाव माझ्या वहीत. आणि पारखी, प्रत्येक लॉट आता दोघांनी बघायचा, एक तुम्ही, एक मी. माझं-तुमचं जुळलं नाही तर तिसरा कुणी. सहा महिने असं चालेल. मग शिक्क्याचं बघू.”

बाहेर आल्यावर रंगारी म्हणाला, “मी हसत नव्हतो.”

“हसत होतास.”

“थोडा.”

कारखान्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पूलवाला रंगारी पारख्याला पाण्याच्या नळापाशी गाठून म्हणाला, “तुम्ही आपल्या माणसांना खाली दाखवलंत. बोगदेवाले आता वर्षभर हे वाजवत बसतील.” पारखी म्हणाला, “तुझे तीन लॉट मी फुकट पास केले होते. ते कुणी वाजवायचे?” त्या माणसानं त्यानंतर आठवडाभर नमस्कार केला नाही. मग करायला लागला, कारण रोज तोंड चुकवणं जिवावर येतं.

घरी थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. “मी म्हटलं होतं ना” हे वाक्य तिच्या ओठांवर येऊन गेलं, हे पारख्याला दिसलं. तिनं ते गिळलं आणि वाढायला घेतलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि तिनं आपल्याला एवढी मोठी भेट आधी कधी दिली होती ते त्याला आठवेना. जेवण झाल्यावर ती खाली गेली. बराच वेळ आली नाही. दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं दोघी बहिणी हसत होत्या, आणि कुणाला हसत होत्या हे सांगायची गरज नव्हती.

पहिले काही दिवस पारख्याला फार जड गेले. तुकडा समोर आला की वाटे, हा साडूचा असेल का? लाल दिसतोय तो खरा, की माझ्या डोक्यातला? कधी उलट वाटे: उगाच भीतीनं पास तर करत नाहीये ना? आधी त्याला स्वतःच्या डोळ्याची खात्री होती. ती गेली. तिच्या जागी हळूहळू दुसरं काही येत होतं, पण त्याला अजून नाव नव्हतं. तो बाईंना म्हणायला शिकला, “मला ठरवता येत नाही, तुम्ही बघा.” पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तुकडा हातातून सोडवेना. दहाव्यांदा म्हणाला तेव्हा नुसतं वाक्य राहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक लॉट परत गेला, पारख्यानं आणि बाईंनी वेगवेगळं बघून, दोघांनी. दुपारी रंगारी बाकावर येऊन धपकन बसला.

“परत केलात माझा.”

“तुझा होता?”

“माझाच. सकाळपासून मलाही शंका होतीच.” त्यानं चहा ओतला. “किती लाल?”

“थोडा.”

“थोडा म्हणजे?”

“तुमच्या पुढाऱ्याच्या नाकाएवढा नाही.”

रंगारी हसला, चहा सांडला, बाही पुसली. मग नेहमीप्रमाणे पूल निघाला, बोगदा निघाला. आवाज चढले. दोन्ही बाजूंचे मेव्हणे-भाचे निघाले. मोडक्या बाकाजवळ उभे असलेले दोघं-तिघं मजा बघायला सरकून आले.

आणि मध्येच पारखी थांबला. ओठ दाबून थोडा वेळ समोरच्या पत्र्याकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, “बरं, मला एक सांग. टोमणा नाही, खरंच विचारतोय. पूर आला आणि पाणी बोगद्याच्या तोंडापर्यंत चढलं, तर तुमचा आराखडा काय म्हणतो? बंद करतात का? आतल्या माणसांचं काय?”

रंगाऱ्यानं तोंड उघडलं. ह्या प्रश्नाची दहा उत्तरं त्याच्याकडे तयार होती, दोन वर्षं घासून चकचकीत केलेली. त्यानं पारख्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खरंच वाट बघत होता.

“खरं सांगू?” रंगारी म्हणाला. “मी तो आराखडा वाचलेला नाही. पहिलं पान वाचलं. चित्र बघितलं.”

“आमचा मीही नाही वाचला,” पारखी म्हणाला. “पुलाचे खांब नदीत किती खोल जाणार, मला कुणी विचारलं तर मी शिव्या देऊन वेळ मारून नेतो.”

बघायला आलेले कंटाळून निघून गेले. ह्यात मजा नव्हती.

“नगरपालिकेच्या वाचनालयात दोन्ही ठेवलेत म्हणे वाचायला,” रंगारी म्हणाला. “दोनशे-दोनशे पानं.”

“रविवारी जाऊ?”

“तुम्ही आमचा वाचा, मी तुमचा वाचतो. आपापला वाचला तर आवडेलच.”

“पहिलं पान फाडून वाचू. नाव दिसायला नको.”

“सरकारी कागद आहे साडूभाऊ, फाडाल तर आत टाकतील. हातानं झाका.”

सुट्टीची घंटा झाली. रंगारी उठला, कप उपडा घातला आणि परत गेलेला लॉट दुरुस्त करायला टाकीकडे निघाला. जाता जाता ओरडून त्यानं विचारलं, “हिरवा किती घालू, लाल मारायला?”

“चिमूटभर घालून बघ,” पारखी ओरडला. “मग मला दाखव. आणि बाईंनाही दाखव!”